बारशाच्या दिवशी उगवलेली गोधडी

माझ्या नातीच्या बारशाच्या दिवशी तिची गोधडी उगवली.

पुन्हा वाचू नका, बरोबर वाचलंत. गोधडी उसवते, फाटते, उंदीर कुरतडतात, हे सगळ्यांनी बघितलंय. आमची उगवली. आणि ती मी शिवली होती. मी चौथी शिकलेला माणूस आहे, लिहायला बसलो तर काना-मात्रा इकडचा तिकडे जातो. पण गावात ही गोष्ट जो तो आपल्या मनाने वाढवून सांगतोय. परवा बसस्टँडवर एकाने मला विचारलं, "बाबा, गोधडीला कणसं लागली होती म्हणे?" म्हणून म्हटलं, खरं काय ते आपणच लिहून टाकावं. इज्जत जायचीच आहे तर बरोबर हिशेबाने जावी.

आमचं गाव तापीच्या काठावर. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरली की घोडं आमच्या दारावरून जातं, इतकं जवळ. माझी बायको सुमन पौष महिन्यात गेली. तीन दिवस ताप आला आणि गेली. एवढंच. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही.

तिचे दोन नाद होते. एक गोधड्या, दुसरा परसातला वेल. गोधडी अशी शिवायची की टाका मोजायला गेलात तर चष्म्याचा नंबर वाढेल. आणि परसात गिलक्याचा वेल. तुमच्याकडे घोसाळी म्हणत असतील. तसं गिलकं पंचक्रोशीत नव्हतं. कोवळं, हातभर लांब, आणि कधी कडू निघालं नाही. सुमन गिलकी सगळ्या गल्लीला वाटायची, पण बी? बी कोणालाच नाही! कोणी बी मागायला आलं की त्याला चहा पाजायची, पोरांची चौकशी करायची आणि रिकाम्या हाताने परत पाठवायची. माणूस घरी गेल्यावर त्याला आठवायचं, अरे, आपण बी मागायला गेलो होतो!

सगळ्यात जास्त चहा प्यायल्या त्या कमल वहिनी. ह्या माझ्या चुलत भावाच्या बायको. शेजारीच राहतात, एकट्याच असतात, आणि तोंड असं की त्यांच्यापुढे गावचा भोंगा लाजेल. सुमनचं तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी सकाळीच वहिनी दारात.

"भाऊ, गिलकानं बी कोठे शे?"

"वहिनी, माणूस जाईसन चौदा दिन व्हयनात!"

"म्हनीसनच इचारी ऱ्हायनू. आखाजीले पेरनं पडी. एक साल चुकनं का बी गयं. मंग तुम्ही बसा रडत, बायकोसाठे बी आनि गिलकासाठे बी."

बोलणं कडू, पण बाईचं खरं होतं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे गिलकं तेव्हाच पेरतात. जुनं बी फार दिवस टिकत नाही. यंदा पेरलं नाही तर सुमनचं गिलकं संपलं. मग मी शोधायला लागलो. डबे बघितले. राखेचं मडकं उपडं केलं (त्यात फक्त राख होती, ती सगळी माझ्या मिशीत गेली). देव्हाऱ्याच्या मागे बघितलं. बंद पडलेला रेडिओ खोलला, त्यात झुरळाचं कुटुंब होतं, त्यांची माफी मागून परत लावला. बी काही मिळालं नाही.

माझी पोरगी ज्योती तेव्हा बाळंतपणाला आलेली. जावई धडगावला सरकारी कचेरीत आहे. तिला विचारलं, आई कधी काही बोलली होती का?

ज्योती म्हणाली, "मी इचारं व्हतं आबा. आई म्हने, मन्हा जोडेच शे."

माझ्याजवळच आहे! आता मेलेल्या माणसाला कुठे विचारायचं, जवळ म्हणजे कुठे?

चैत्रात ज्योतीला मुलगी झाली. आमच्याकडे लहान लेकराला नवं कापड लावत नाहीत. आजीची वापरून वापरून मऊ झालेली साडी घ्यायची, तिची गोधडी करायची, आणि लेकरू पहिलं त्यावर निजवायचं. सुमनने कधीचं सांगून ठेवलं होतं, पहिली गोधडी मी शिवणार. आता शिवणारी नव्हती, साड्या होत्या. वहिनी म्हणाल्या, मी शिवते. माझ्या तोंडून निघून गेलं, "नको. मी शिवसू."

ज्योती बाजेवर पडली होती ती उठून बसली. "आबा, तुम्ही? सुईमा दोरा तरी ओवता येस का?"

आता सांगतो. चाळीस वर्षं मी धान्याची आणि कपाशीची पोती शिवली आहेत. दाभण आणि सुतळी. दाभण म्हणजे पोतं शिवायची सुई, बोटाएवढी जाड, तिने बैलाचं नाकही टोचता येईल. मी शिवलेलं पोतं ट्रकवरून पडलं तर ट्रक फुटेल, पोतं नाही फुटणार! मग वीतभर लेकराची गोधडी म्हणजे काय मोठं काम?

पेटी उघडली. वरतीच सुमनची पोपटी साडी होती. परसात काम करताना तीच नेसायची. धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. पदराच्या काठाला चुरचुर लागलं हाताला. वाटलं, कडुनिंबाचा पाला असेल. कपड्याला कसर लागू नये म्हणून ती सगळीकडे पाला घालायची. पदराची ती दुमड जरा जाडसर होती, आतून टाके मारलेले. उसवून बघावं, असं एकदा वाटलं. पण तिने हाताने घातलेले टाके होते ते. मी नाही उसवले.

(खरं कारण दुसरंही होतं. उसवायचा कंटाळा आला होता.)

साडी वरती, आत जुनी लुगडी, खालून माझं धोतर, असा थर लावला आणि खाटेवर पसरून शिवायला बसलो. सांगायला लाज वाटते, पण मजा आली मला. दोरा ओढला की कापड कसं गोळा होतं, टाक्याशेजारी टाका कसा जाऊन बसतो! तीन महिन्यांत पहिल्यांदा मला दुपार लांब वाटली नाही. सुमन अशी का गाणं म्हणत बसायची ते तेव्हा कळलं. मीही म्हणायला लागलो. ज्योती आतून ओरडली, "आबा, पोर उठी जाई!"

संध्याकाळपर्यंत गोधडी तयार. वहिनी कुंपणावरून डोकावल्या.

"काय करी ऱ्हायनात भाऊ?"

"देखा!" म्हणून मी मोठ्या तोऱ्यात गोधडी उचलली. गोधडीबरोबर खाट उचलली गेली.

दाभण लांब असतं हो. गोधडी, तिच्याखालची सतरंजी आणि खाटेची नवार, सगळं मी एकाच टाक्यात घेतलं होतं! वहिनी कुंपणाला धरून हसत बसल्या. "आरे माय वं! नातले खाट बी देशात का संगे?"

नवार कापून काढावी लागली. त्या रात्रीपासून माझी खाट मधोमध झोळीसारखी आहे. असो.

गोधडी ज्योतीने हातात घेतली. तिने ती तोंडाला लावली. मग म्हणाली, "आबा, आईना वास ई ऱ्हायना." मी म्हटलं, "तो धोतरना व्हई, मन्हा." आणि गोठ्याकडे निघून आलो. माझा गोठा रिकामा आहे, पण निघून यायला तेवढीच जागा होती.

पोरगी त्यावर पहिल्याच दिवशी ओली झाली, तिचं ते कामच. बारसं चार-पाच दिवसांवर आलं तेव्हा मी विचार केला, विहीणबाई येणार, गोधडी धुतलेली बरी. विहीणबाई म्हणजे ज्योतीची सासू. नंदुरबारला शाळेत मोठ्या बाई होत्या, आता रिटायर झाल्या. मला आजही त्यांच्यापुढे उभं राहिलं की पाढे आठवायला लागतात.

बादलीत बुडवून धुतली. पण मी थर इतके घातले होते की गोधडीने अर्धी विहीर पिऊन टाकली. दिवसभर दोरीवर टाकली, वरून वाळली, आतून ओलीच. दुसऱ्या दिवशीही तेच. उन्हात तिचा रंग जाईल म्हणून तिसऱ्या दिवशी काढली, गुंडाळली, वरून पोतं गुंडाळलं आणि चुलीशेजारी उबेला ठेवून दिली. म्हटलं, उबेने वाळेल.

मटकीला मोड आणायचे असले तर बाया काय करतात? भिजवतात, ओल्या फडक्यात बांधतात, उबेला ठेवतात. हे मी घरात पन्नास वर्षं बघत होतो. पण मटकी वेगळी आणि गोधडी वेगळी, अशी माझी समजूत!

बारशाचा दिवस. अंगणात मांडव, घुगऱ्यांचं पातेलं, फुलं लावलेला पाळणा. बाया नव्या साड्या नेसून बसलेल्या. जावयाची जीप धडगावच्या घाटात अडकली होती, म्हणून सगळे थांबलेले. विहीणबाई म्हणाल्या, "तोवर पाळण्यात अंथरून तरी घेऊ. आजीच्या साडीची गोधडी आहे म्हणे, आणा बघू."

मी छाती काढून गोधडी आणून दिली. पोतं सोडलं. विहीणबाईंनी गोधडी उलगडली, पदराच्या काठावरून हात फिरवला, आणि अशी किंकाळी फोडली की शाळा सुटली असती!

"अळ्या! अहो, अळ्या आहेत बाळाच्या गोधडीत!"

मी बघितलं. काठातून पांढरे पांढरे, वळवळल्यासारखे, काळ्या डोक्याचे! एक नाही, दोन नाही, सगळ्या काठाने. ज्योतीने पोरीला छातीशी धरलं आणि रडायला लागली. बाया साड्या आवरून खुर्च्यांवर चढल्या. कोणी म्हणालं जाळा, कोणी म्हणालं औषध मारा. विहीणबाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "अहो व्याही, तुम्ही ही धुतली होती ना?"

त्यापेक्षा त्यांनी छडी मारली असती तर बरं झालं असतं. मी गोधडी चिमट्याने उचलली आणि पळत जाऊन मागे उकिरड्यावर फेकली. आगपेटी आणायला वळलो. तेवढ्यात वहिनींची बकरी आली, तिने गोधडी हुंगली आणि काठ चावायला सुरुवात केली. चवीने! डोळे मिटून!

"हाड! हाड!" मी ओरडलो.

मागून वहिनी आल्या. आधी बकरीकडे बघितलं, मग गोधडीकडे, मग माझ्याकडे.

"भाऊ, मन्ही बकरी किडा खास नही."

"म्हंजे?"

"म्हंजे तुम्हनं कपाय!" वहिनी खाली वाकल्या, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. "आरे देवा... ह्या किडा नही शेत. ह्या गिलकाना कोंब शेत!"

मी गुडघ्यावर बसलो. काळं डोकं म्हणजे बियाचं टरफल. पांढरं अंग म्हणजे कोंब. पदराच्या दुमडीत सुमनने बारीक बारीक खण शिवले होते, खणाखणात बी. रोज परसात जाताना नेसायच्या साडीत; धुताना तेवढा काठ ती कोरडा ठेवत असणार. माझ्याजवळच आहे, म्हणाली होती. ते खरंच तिच्याजवळच होतं, कमरेला खोचलेल्या पदरात. कोणापासून लपवलं होतं ते सांगायला नको, कारण ती बाई त्या वेळी माझ्याशेजारीच वाकली होती, आणि तिने गोधडीचं एक टोक धरलं होतं!

"सोडा वहिनी!"

"नही सोडाव! बारा साल चहा पी ऱ्हायनू मी ह्या बी साठे!"

मी एकीकडून ओढतोय, वहिनी दुसरीकडून, मधून बकरी. आणि एक गोष्ट मी छातीवर हात ठेवून सांगतो, तिघांनी ओढूनही माझा एक टाका तुटला नाही!

"थांबा!" विहीणबाई आल्या होत्या. तो आवाज शाळेचा होता. मी थांबलो, वहिनी थांबल्या, बकरीसुद्धा थांबली. बाईंनी चष्मा लावून काठ नीट बघितला.

"मुळं कापडात शिरली आहेत. उपटलीत तर तुटतील. आणि असंच ठेवलंत तर संध्याकाळपर्यंत सुकतील. लावायचं असेल तर कापडासकट, आणि आत्ता."

कापडासकट म्हणजे साडी कापायची. सुमनच्या हातचं बी आणि सुमनच्या अंगावरची साडी. दोन्हीतलं एक. पोती शिवणाऱ्या माणसाला कापायचं कोणी शिकवलं नव्हतं.

ज्योती पोरीला घेऊन येऊन उभी होती. डोळे पुसून म्हणाली, "आबा, कापा. आईनी ही साडी परसनी मातीमाच वापरी व्हती."

मी विळा आणला. कात्रीने माझा टाका कापला गेला नसता. काठ तेवढा कापायला घेतला. सुमन गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. लोक म्हणाले होते, म्हातारा दगड आहे. आता उकिरड्यावर, बारशाच्या नव्या कपड्यात, हातात विळा घेऊन ढसाढसा रडलो. बाया बघायला लागल्या तशा वहिनी मोठ्याने म्हणाल्या, "काय देखी ऱ्हायनात? भाऊना डोयामा धूय गयी!" आणि मला आडोसा करून उभ्या राहिल्या. तेवढ्यापुरती ती बाई मला आवडली.

मग काय, बारसं राहिलं बाजूला. कुंपणाच्या कडेने मी चर काढला, वहिनींनी माती भुसभुशीत केली, विहीणबाईंनी रेशमी साडी खोचून काठाचे तुकडे एकेक करून आत ठेवले. बाकीच्या बाया पाळण्याला आणलेल्या कळशीतून पाणी घालायला लागल्या. बकरीला बांधून टाकलं, कारण तिलाही बारशाचं जेवण पाहिजेच होतं.

त्याच वेळी जीपमधून जावई उतरला. नवीन शर्ट, हातात पेढ्याचा बॉक्स. बघतो तर पाळणा रिकामा, मांडव रिकामा, आणि त्याची आई कोपरापर्यंत चिखलात!

"आई? काय चाललंय? बाळ कुठे आहे?"

वहिनींनी मान न वळवता सांगितलं, "बाय शे मायजोडे. तुम्हना सासरानी गोधडी पेरी!"

त्या पोराने पेढ्याचा बॉक्स माझ्या हातात दिला आणि खाली बसला. अजूनही तो माझ्याशी जरा हळू आवाजात बोलतो.

बारसं झालं, उशिरा, चिखलाच्या हातांनी. विहीणबाईंनी उरलेल्या गोधडीच्या कापलेल्या कडेला स्वतः बारीक टाक्यांची पट्टी मारून दिली. पोरगी त्यावर निजली. आणि वेल आले. सगळे नाही, बकरीने खाल्ले ते गेले. पण जे आले ते सरळ परसातल्या वेलाच्या मांडवावर चढले आणि आषाढात गिलकी लागली. पहिल्या भाजीचा घास घेतला. तीच चव. वहिनी म्हणाल्या, "आते एक गिलकं बी साठे ठेवा वाळाले. मी खून करी ठेवस." आणि खुणेसाठी त्यांनी सगळ्यात मोठ्या गिलक्याला लाल दोरा बांधला.

इथे गोष्ट संपली असती तर मी शहाणा ठरलो असतो.

दिवाळीची पहिली अंघोळ. अंग घासायला सुमन मला दर वर्षी वाळलेलं गिलकं द्यायची. गिलकं वाळलं की आत जाळी होते, पाठ अशी घासली जाते की विचारू नका. मी परसात गेलो, वेलावर एकच छान वाळकं लटकत होतं. लाल दोरा दिसला. वहिनींचं बोलणं दिवाळीपर्यंत माझ्या डोक्यातून पार गेलं होतं; वाटलं, नजर लागू नये म्हणून बांधला असेल. तोडलं, टोक मोडलं, न्हाणीत नेलं, साबण लावला, आणि पाठ घासली. बी निसटून पाण्याबरोबर मोरीतून गेलं, ते मला टॉवेल गुंडाळल्यावर समजलं. मांडवावरचे बाकीचे वाळके वेल आठवड्यापूर्वी मीच साफ करून जाळले होते.

पाठ चकचकीत झाली आणि बायकोचं बी संपलं. वहिनींना सांगायची हिंमत झाली नाही. दोन महिने मी त्यांच्या दारावरून न जाता गावाला वळसा घालून दूध आणत होतो.

आणि थंडी सरल्यावर मोरीच्या तोंडाशी दोन हिरवी पानं दिसली.

एकच वेल जगला. साबणाच्या पाण्यावर असा माजला की मांडवाकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ न्हाणीवर चढला. पत्र्याच्या भोकातून आत आला, दाराच्या कडीला वेढे घातले, आता दार लागत नाही. तोडावा तर सुमनचा शेवटचा वेल. तोडवत नाही. आतल्या बाजूला अशी गिलकी लटकली आहेत की साबण कुठला आणि गिलकं कुठलं, चाचपडून बघावं लागतं. गल्लीतल्या बाया सकाळी परडी घेऊन येतात. त्यांच्या पुढे कमल वहिनी.

त्यामुळे वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, स्वतःच्या घरात, टॉवेल गुंडाळून, हातात तांब्या घेऊन मी रोज अंगणात उभा असतो आणि ओरडतो,

"वहिनी, तोडनं व्हयनं का? माले न्हावानं शे!"

आणि आतून आवाज येतो, "थांबा भाऊ, अजून दोन ऱ्हायनात. आनि तुम्हले एवढी घाई काबरं शे? तुम्हले कोन देखस आते!"